ओल्या रस्त्यावरील वीस मिनिटे

अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस मुसळधार. नगर, पाथर्डी, श्रीगोंद्याकडे मात्र सवय कोरड्या रस्त्यांची. ओल्या रस्त्याशी असलेली ही अल्प ओळख समृद्धी महामार्गावर किंवा माळशेज घाटात जिवावर बेतू शकते.

समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला. सपाट भागात मोटारीस ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगाने हे अंतर ४० मिनिटांत, तर ताशी ८० च्या वेगाने ६० मिनिटांत कापले जाते. बचत २० मिनिटांची. आता खर्चाची बाजू पाहावी. ब्रेक लागल्यापासून मोटार थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ते सव्वादोन पट होते. रस्ता ओला असल्यास त्यात आणखी भर पडते. शिवाय १२० च्या वेगात एका सेकंदात मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते.

याहून मोठा धोका पाण्याच्या थराचा. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. वेग अधिक असला वा खाचा झिजलेल्या असल्या, की चाक पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. अशा वेळी ब्रेक जोराने दाबू नये. स्टिअरिंग स्थिर धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलणे भागच आहे. पावसाळ्यापूर्वी ते त्याआधीच करणे हिताचे.

कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून निसरडा लेप तयार होतो, म्हणून ती सर विशेष जपावी. पुढील वाहनापासून किमान चार सेकंदांचे अंतर ठेवावे. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा. दिवे लावावेत; परंतु धावत्या मोटारीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, त्याने वळण्याचा इशारा मागच्यास कळत नाही. पुलावरून पाणी वाहत असल्यास मागे फिरावे.

या हिशेबात घरच्यांचाही वाटा आहे. चालकाला फोन करून ‘कुठवर आलात?’ असे वारंवार विचारू नये. निघण्यापूर्वी एकदाच ‘उशीर झाला तरी चालेल, सावकाश या’ एवढे सांगावे. त्या शब्दांनी चालकावरील घाईचे ओझे उतरते.