उपवासकाळ, मुले आणि प्रार्थनेची भाषा

१/ राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला, की ख्रिस्ती घरांतील मुलांना पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘यंदा काय सोडणार?’ कोणी चॉकलेट सोडतो, कोणी मोबाइलवरचा खेळ, कोणी मासळी-मटण. रविवार वगळून चाळीस दिवसांचा हा उपवासकाळ, गोव्याच्या कोकणीतील ‘कोरेझ्म’, मुलांपुरता पुष्कळदा या एका प्रश्नातच आटोपतो. त्यागाला हसण्याचे कारण नाही. परंतु हा काळ इतिहासात जितका सोडण्याचा होता तितकाच शिकण्याचाही होता. मुलांना प्रार्थना कोणत्या भाषेत शिकवायची, यावर तर गोमंतकात एकदा राजाज्ञाही निघाली. हा धागा त्याविषयी.

२/ आरंभ जेरुसलेमपासून करावा लागेल. चौथ्या शतकात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी त्याआधीच्या उपवासकाळात करून घेतली जात असे. इ.स. ३५०च्या सुमारास सिरिल यांनी या उमेदवारांपुढे दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. त्यांत धाक फारसा नाही, समजावणी पुष्कळ आहे.

३/ त्यानंतर तीसेक वर्षांनी एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री तेथे पोहोचली. तिने आपल्या मायदेशातील भगिनींसाठी लिहून ठेवलेले वृत्त १८८४ साली इटलीतील अरेत्सो येथे सापडले, अपूर्ण अवस्थेत. उमेदवार बिशपांभोवती वर्तुळाकार बसतात. रोज सकाळी तीन तास, सात आठवडे, उत्पत्तीच्या पुस्तकापासून शास्त्र उलगडले जाते. प्रथम शब्दांचा सरळ अर्थ, मग त्यामागचा आध्यात्मिक अर्थ. पाच आठवडे झाल्यावर श्रद्धेचा अंगीकार शिकवला जातो आणि अखेरीस प्रत्येकाला तो बिशपांपुढे म्हणून दाखवावा लागतो. म्हणजे पाठांतर होते, पण ते समजुतीच्या मागून येत होते. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

४/ एजेरियाने टिपलेली आणखी एक गोष्ट तर अधिकच मोलाची. बिशपांना सिरियाक भाषा येत असूनही ते सदैव ग्रीकमध्येच बोलत. परंतु त्यांच्या शेजारी एक धर्मगुरू उभा राहून प्रत्येक गोष्ट सिरियाकमध्ये सांगे, कारण श्रोत्यांतील कित्येकांना ग्रीक कळत नसे. आणि ज्यांना केवळ लॅटिन कळे, त्यांना दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी अर्थ समजावून देत. कोणी खिन्न राहू नये म्हणून. व्यासपीठाची भाषा एक असली, तरी ऐकणाऱ्याच्या भाषेची सोय करणे हे त्या मंडळीला आपले कर्तव्य वाटत होते.

५/ हे शिक्षण मुख्यतः प्रौढांसाठी होते, हे खरे. मग मुले कोठे होती? तीही तेथेच होती. सायंकाळी दिवे लागले की एक सेवक प्रार्थनेसाठी नावे वाची, आणि भोवती उभी असलेली पुष्कळ लहान मुले प्रत्येक नावाला ‘किरिये एलेइसोन’, म्हणजे ‘प्रभो, दया कर’, असा प्रतिसाद देत. त्यांचा आवाज अगणित होता, असे ती लिहिते. झावळ्यांच्या रविवारी तर जी मुले चालू शकत नव्हती, ती आईबापांच्या खांद्यांवरून मिरवणुकीत येत. मुलांसाठी वेगळा वर्ग असल्याचे या वर्णनात दिसत नाही. मोठ्यांच्या प्रार्थनेतच त्यांच्या वाट्याला दोन शब्द राखून ठेवलेले होते.

६/ आता गोवा. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर येथे उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरावे, मुलांना व गुलामांना गोळा करावे आणि धर्मशिक्षण द्यावे, हा त्यांचा परिपाठ. पुढे तामिळ किनाऱ्यावर त्यांनी जाणकारांच्या साहाय्याने प्रार्थना तामिळमध्ये आणवल्या, स्वतः पाठ केल्या आणि मुलांकडून म्हणवून घेतल्या. मुलांनी घरी जाऊन त्या आईबापांना शिकवाव्यात, अशी योजना. शिक्षक म्हणून त्यांची नजर अचूक होती, हे मान्य करावे लागते.

७/ परंतु त्याच योजनेचे दुसरे टोक त्यांच्याच पत्रात आहे. जानेवारी १५४४च्या पत्रात ते कौतुकाने सांगतात, की मुले आईबापांच्या मूर्तिपूजेची खबर आपल्याला आणून देतात आणि मग मुलांना बरोबर घेऊन त्या मूर्ती फोडल्या जातात, तुडवल्या जातात. प्रार्थना शिकलेले मूल आपल्याच घरावर पाळत ठेवू लागले! झेवियर यांच्या काळाचे मापदंड निराळे होते, हा युक्तिवाद येथे नेहमी केला जातो. तो अंशतः खराही आहे. तथापि ज्या आईचे दैवत तिच्याच लेकराने फोडले, तिचे दुःख त्या काळातही दुःखच असणार.

८/ पुढे राज्यसत्ता त्यात उतरली. १५५९च्या पोर्तुगीज राजाज्ञेने आईबाप, आजी-आजोबा नसलेली चौदा वर्षांखालील हिंदू मुले गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपवून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे ठरवले. काका-मामा जिवंत असूनही. मुलांच्या धर्मशिक्षणाचा गोमंतकातील इतिहास सांगताना घंटेची गोड कथा सांगायची आणि ही आज्ञा गाळायची, हा अर्धा इतिहास झाला.

९/ याच भूमीत १५७९ साली एक इंग्रज जेझुइट आला : थॉमस स्टीफन्स. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीतील एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात आहे. तेथे एक ब्राह्मण ख्रिस्ती येतो आणि पाद्री-गुरूंना विचारतो, की हे शिक्षण उत्तमच आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही?

१०/ या प्रश्नातील वेदना नजरेआड करता येत नाही. विचारणारा मनुष्य धर्मांतरित आहे, सत्तेपुढे नमलेला आहे. तरी आपल्या मुलांच्या कानांवरून ओवी नाहीशी झाली, हे त्याला सोसवत नाही. प्रश्नोत्तरांची पोथी त्याला पुरेशी वाटत नाही. त्याला कथा हवी आहे, गाता येईल अशी.

११/ उत्तर म्हणून १६१६ साली रायतूर येथे जे काव्य छापले गेले, ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. भाषा मराठी, तिच्यात स्थानिक कोकणी शब्दांची मिसळण. हेतू एवढाच की सर्वांना कळावे. लिपी मात्र रोमन, कारण नागरी खिळे तयार नव्हते. मूळ तक्रार लक्षात घेतली तर हे काव्य धर्मशिक्षणाच्या एका वर्गाच्या उंबरठ्यावर जन्मले, असे म्हणता येते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘परकीयाने केलेली मराठीची स्तुती’ एवढ्यापुरताच स्टीफन्स उरतो, हे त्याच्यावर आणि त्या अनाम ब्राह्मणावरही अन्याय करणारे आहे.

१२/ स्टीफन्स १६१९ साली वारला. तीन वर्षांनी त्याची ‘दौत्रिन क्रिस्तां’ रायतूरलाच छापली गेली. मार्कुश जॉर्जे यांच्या पोर्तुगीज पुस्तकावरून कोकणीत उतरवलेली, संवादरूपाने रचलेली. आणि तिच्या मुखपृष्ठावरच उद्देश छापलेला आहे : मुलांना शिकवण्यासाठी. कोकणीतील पहिल्या छापील पुस्तकांत तिची गणना होते. एखाद्या भाषेच्या मुद्रणाचा आरंभ मुलांच्या प्रार्थनेने व्हावा, हे विरळाच.

१३/ आणि मग २७ जून १६८४. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याची आज्ञा : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, पाद्र्यांनी व शाळांतील शिक्षकांनी धर्मशिक्षणही पोर्तुगीजमध्येच द्यावे. जेरुसलेममध्ये ऐकणाऱ्यासाठी दुभाष्या उभा केला जात होता; येथे ऐकणाऱ्यालाच तीन वर्षांत बदलण्यास फर्मावले गेले. लोकांची जीभ आज्ञेने बदलली नाही. कोकणी घराघरांत राहिली, तीच देवाशी बोलत राहिली. पुस्तकांचे मात्र नुकसान झाले. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखिते मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांनी जपली, म्हणून १९०७ साली तेथे ते पुन्हा छापता आले.

१४/ येथे एक आक्षेप अपेक्षित आहे : मुलांना अर्थ कळला काय, न कळला काय, संस्कार तर होतोच, ‘किरिये एलेइसोन’ म्हणणाऱ्या त्या मुलांना तरी कितीसे कळत होते? आक्षेप पोकळ नाही. पाठांतराला अलीकडे उगाच नावे ठेवली जातात. लहानपणी तोंडी बसलेली प्रार्थना म्हातारपणी, इतर सर्व विसरल्यावरही, ओठांवर येते. पण जेरुसलेममधील ते दोन शब्द ग्रीक होते आणि ग्रीक ही तेथील उपासनेची जिवंत भाषा होती. शिवाय मुलांच्या शेजारी तेच शब्द मनापासून म्हणणारे आईबाप उभे होते. अर्थ मुलांच्या डोक्यात नसेल, तरी तो हाताच्या अंतरावर होता.

१५/ आज वसईच्या किंवा मुंबईच्या उपनगरांतील कित्येक ख्रिस्ती घरांत हे अंतर वाढले आहे. आजी मराठीत किंवा सामवेदीत क्रुसाची वाट म्हणते, नातू इंग्रजी माध्यमात शिकतो आणि धर्मशिक्षणही इंग्रजीतच घेतो. येथे कोणी व्हाइसरॉय नाही. फी भरून, आनंदाने, घरचे लोकच हे करतात. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी मंडळीच्या हाती अभंग आणि कीर्तन दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. सामग्रीची वाण नाही. नातवंडांनी आजीजवळ बसावे आणि तिने त्यांना उपवासकाळातील एकच प्रार्थना अर्थासह सांगावी, एवढा वेळ मात्र घरात कोणी राखून ठेवत नाही. यंदा काय सोडणार, हे विचारणाऱ्या मोठ्यांनी त्यासाठी स्वतःची एक संध्याकाळ सोडायला हरकत नसावी.

१६/ जाता जाता : ‘दौत्रिन क्रिस्तां’ वाचली. तिची प्रत लिस्बनमध्ये शिल्लक होती. गोमंतकीय विद्वान मारियानु सालदान्य यांनी १९४५ साली ती तेथेच पुन्हा प्रसिद्ध केली. मुलांसाठी लिहिलेले ते पुस्तक आज संशोधकांच्या टेबलावर असते.