रक्तवाढीची गोळी आणि ‘ब-१२’

परीक्षा जवळ आली कीं घरांतील तरुण मुलें थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, अशा तक्रारी करूं लागतात. आणि लागलीच औषधांच्या दुकानांतून एखादी रक्तवाढीची गोळी घरांत येते. या घाईविषयीं आज आम्हांस थोडें सांगावयाचें आहे.

शाकाहारी घरांत अशा तक्रारींमागें पुष्कळदां ‘ब-१२’ या जीवनसत्त्वाची उणीव असते. १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलेलें हें जीवनसत्त्व सूक्ष्म जंतूच तयार करतात. पालेभाज्या, डाळी, मोड आलेलीं कडधान्यें कितीहि खाल्लीं तरी तें त्यांतून मिळत नाहीं. शाकाहारी माणसाला आधार काय तो दूधदुभत्याचा. प्रौढास रोज सुमारें २.५ मायक्रोग्रॅम ब-१२ लागतें. पाव लिटर दुधांत साधारण १ मायक्रोग्रॅम असतें. ज्या मुलाचें दूध चहापुरतेंच आहे त्याचा हिशेब वाचकांनींच करावा. (ताक पातळ असतें, तें या हिशेबांत कमीच धरावें.)

खरा धोका निराळाच आहे. रक्तवाढीच्या कित्येक गोळ्यांत लोह व फोलिक आम्ल असतें, ब-१२ नसतें. फोलिक आम्ल भरपूर पोटांत गेलें म्हणजे ब-१२ च्या अभावानें झालेला पांडुरोग सुधारूं लागतो. चेहऱ्यावर तजेला येतो, आई समाधान पावते, आणि ज्ञानतंतूंची हानि मात्र आंत चालूच राहते. ती फार दिवस चालल्यास पुढें उपचारांनीं पुरती भरून येईलच असें नाहीं. डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें टाकून द्यावीं असा याचा अर्थ कोणी करूं नये. पण हातापायांना मुंग्या येत असतील तर आधीं रक्त तपासून घ्यावें, आणि गोळी मागाहून सुरू करावी. ब-१२ असलेली गोळी आधींच घेतली तर तपासणीचा आंकडा फसवा येतो.

ब-१२ जास्त झालें तरी बहुतेक लघवीवाटे निघून जातें. ‘ड’ जीवनसत्त्वाचें तसें नाहीं. त्याची ६०,००० युनिटांची आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होते.

अलीकडे कांहीं तरुण दूधहि वर्ज्य करूं लागले आहेत. त्यांच्या निश्चयाबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र ब-१२ ची गोळी नित्य घेतल्यावांचून त्यांस गत्यंतर नाहीं, आणि ही गोष्ट त्यांनीं पहिल्याच दिवशीं डॉक्टरांशीं बोलून ठरवावी.