फोटोच्या पाठीवर काय लिहिले आहे?

जुन्या विमानांचा छंद म्हटला की आपल्या कलाशाखेतील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. टपालाची तिकिटे जमवणारा निदान सावलीत बसतो. हे विमानवेडे भर उन्हात धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहतात, फोटो काढतात आणि चार समानधर्मी भेटले की ते फोटो व जुन्या आठवणी एकमेकांपुढे मांडून तासन् तास रमतात. यात कसले आले आहे ज्ञान, असे विचारले जाते. माझे मत असे की ही मंडळी इतिहासाचेच काम करीत असतात. मात्र एका अटीवर.

किल्ला ढासळला तरी चौथरा उरतो. विमानाचे तसे नाही. ते सेवेतून निघाले की बहुधा त्याचे उपयोगी भाग काढून घेतले जातात आणि सांगाडा भंगारात जातो. मागे उरतात फोटो आणि ते विमान चालवणाऱ्यांच्या, दुरुस्त करणाऱ्यांच्या आठवणी. त्यातही आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांनी सरकारी विमानतळावर परवानगीवाचून फोटो काढण्यास मनाई केलेली. तेव्हा जे फोटो निघाले त्यांचे मोल अधिकच.

पण नुसता फोटो बोलत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला जे विमान आणले ते 'पस मॉथ'. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण झालेली असताना त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो 'लेपर्ड मॉथ'मधून. दोन्ही विमाने डी हॅविलंडचीच, एकाच इंजिनाची, छताशी पंख असलेली. फोटोमागे सालाची नोंद नसेल तर सामान्य माणसाने एकाला दुसरे समजण्यास कितीसा वेळ लागेल?

डाकोटाचे उदाहरण याहून बोलके आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी वायुदलाच्या डाकोटांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले आणि ते शहर वाचले. पुढे इंग्लंडमध्ये नव्याने उभे केलेले एक जुने डाकोटा २०१८ साली वायुदलाला भेट मिळाले. त्याचे नाव 'परशुराम' ठेवले आणि शेपटीवर काश्मीर मोहिमेतील पहिल्या डाकोटाचा क्रमांक, व्हीपी ९०५, रंगवला. हेतू गौरवाचा, आणि तो योग्यच. पण उद्या या विमानाचा फोटो कोणाच्या हाती कोरा पडला, तर तो बिचारा हेच विमान श्रीनगरला उतरले होते असे खुशाल लिहून मोकळा होईल!

कोणी म्हणेल, आठवणींच्या मैफलीत हा दप्तरी रुक्षपणा कशाला? त्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने राजवाड्यांचे स्मरण करावे. बखर वाचावी, तिची गोडीही घ्यावी; पण निर्णय करायचा तो अस्सल, तारीखवार कागदावरून. वैमानिकाची आठवण ही बखर आहे. क्रमांक, ठिकाण, तारीख आणि फोटो काढणाऱ्याचे नाव असलेला फोटो हा अस्सल कागद. दोन्ही एकत्र आले म्हणजे इतिहास उभा राहतो. खरा छंदिष्ट हे जाणतो. म्हणूनच एका अक्षरावरून तो तासभर वाद घालतो. त्याला हसण्याऐवजी त्याची चिकाटी आपण घ्यावी.

हे काम दूरचे नाही. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमाने बांधली गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला वायुदलाने त्या विमानाला निरोप दिला. ती बांधणारे हात आज म्हातारे झाले आहेत; त्यांच्या ट्रंकांत फोटो आहेत, मनात आठवणी आहेत. आपल्यापैकी कोणाचे काका, आजोबा त्यांत असतील. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, फोटो उलटा करा, आणि ते सांगतील ते पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. ही पाठ एकदा कोरी राहिली की मग ती भरायला कोणी उरत नाही.