गोल गोल गुपित

गेल्या जुलैत माझ्या कमरेवर एक रुपया उगवला. म्हणजे तेवढाच लाल, गोल चट्टा. कडेला खवल्यांची रेघ, मधे जवळजवळ साफ. आईला दाखवला असता तर तिने 'अगं, गजकर्ण!' म्हणून तिथेच निकाल लावला असता. म्हणूनच दाखवला नाही.

बघा ना, मायग्रेन झालं तर आपण अख्ख्या ऑफिसला सांगतो. खाज मात्र कुणी सांगत नाही. खाज म्हणजे घाणेरडेपणा, असं आपलं ठरलेलं. आणि मी तर दिवसातून दोनदा आंघोळ करणारी! पण बुरशीला त्याचं काय? तिला हवं त्वचेतलं केराटिन आणि उबदार ओलावा. भिजत लोकल पकडायची आणि त्याच ओल्या जीन्समध्ये आठ तास बसायचं... अजून काय पाहिजे तिला?

मग केमिस्ट. गर्दी ओसरेपर्यंत शाम्पूच्या बाटल्या वाचत उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "खाजेवर काहीतरी द्या ना." त्याने एक ट्यूब सरकवली. ना चिठ्ठी, ना प्रश्न. दोन दिवसांत खाज गायब. मी खूश.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टेरॉइडही होतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशी मजेत पसरते आणि गोल कडा पुसट झाली की ओळखूही येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत टाकली. हे मला नंतर कळलं.

आमच्या पीजीत तिघींत एक कपाट, एक वॉशिंग मशीन आणि खरं सांगायचं तर धड टॉवेल दोनच. चट्ट्यावरचे बारीक पापुद्रे गळतात, आणि त्यांतली बुरशी टॉवेलवर, चादरीवर महिनोन्‌महिने तग धरू शकते. ऑगस्टमध्ये रूममेटच्या मांडीवर तोच रुपया! तिचा साखरपुडा दीड महिन्यावर. ती बिचारी जिमच्या मॅटला शिव्या घालत होती आणि मी चहा पीत ऐकत होते. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी टॉप वर करून माझा चट्टा दाखवला. ती काहीच बोलली नाही. टॉवेल उचलला आणि आपल्या खोक्यात ठेवला.

डॉक्टरांकडे दोघी एकदमच गेलो. त्यांनी चट्ट्याची कड खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली. गोळ्या, साधं मलम, आणि चट्टा गेला तरी औषध चालूच. अर्धवट सोडलं की परत येतंच. त्यात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आहे (हो, नावात आपला देशच!). नेहमीच्या टर्बिनाफिनला ती बरेचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली.

मग टॉवेल, चादरी कडक पाण्यात. पावसात ऊन कुठलं, म्हणून कपड्यांना इस्त्री. आणि डॉक्टरांची एक टिप मला फार आवडली: पायाच्या बोटांत बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग अंडरवेअर. नाहीतर ती पायातून जांघेत चढते.

साखरपुड्यापर्यंत चट्टा पूर्ण गेला नव्हता, पण लेहंग्यात दिसला नाही. तिची वेणी मीच घातली. टॉवेल मात्र अजून तिच्या खोक्यातच असतो.