किती लिटर, किती वेळ?

२०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबार जिल्ह्याने ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. वॉर्डात फिरून रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी पाहायची आणि प्रवाह गरजेपुरताच ठेवायचा, हे त्यांचे काम. टंचाईच्या त्या दिवसांत त्यामुळे ऑक्सिजन वाचला.

पण प्रश्न केवळ बचतीचा नाही. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. बहुतेक प्रौढ रुग्णांत ९४ ते ९८ टक्के पातळी राखायची असते. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराने धापा टाकणाऱ्या आजोबांसाठी मात्र ८८ ते ९२. काळजीपोटी त्यांना जास्त दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, प्रसंगी जीवही जातो. साध्या मास्कला मिनिटाला पाच लिटरपेक्षा कमी प्रवाह दिला, तर रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो.

सिस्टरना हे शिकवलेले असते. पण रात्रपाळीला एकटीवर अख्खा वॉर्ड, ऑक्सिमीटर एकच आणि केसपेपरवर नुसता ‘ऑक्सिजन द्या’ एवढाच शेरा असेल, तर शिकलेले वापरायचे कधी? अशा वेळी चुकीचे खापर त्यांच्या माथी फोडणे मला अन्यायाचे वाटते.

डॉक्टरांना विनंती आहे : किती लिटर, कशातून आणि कोणत्या पातळीपर्यंत, एवढे केसपेपरवर लिहा.