भिंतीचा रंग आणि घराची शैली

दसरा जवळ आला, की व्यापारी घरांत रंगकामाचा विषय निघतो. दिवाळीला नवी वही उघडण्यापूर्वी घराच्या भिंतीही उजळाव्यात, ही जुनी रीत आहे. रंगारी शेड कार्ड ठेवून जातो आणि मतभेदांना प्रारंभ होतो. वडीलधाऱ्यांना पांढरा रंग हवा असतो, मुलाला मोबाइलवर पाहिलेला राखाडी, तर सुनेला फिकट हिरवा. प्रत्येकाची आवड रास्त असते. चूक असते ती क्रमात. रंग आधी ठरतो आणि घराकडे नंतर पाहिले जाते.

वस्तुतः फरशी, लाकडी सामान आणि खिडकीतून येणारा प्रकाश सहसा बदलता येत नाहीत. त्या मानाने भिंतीचा रंग बदलणे सोपे. म्हणून तोच सर्वांत शेवटी ठरवावा.

यामागे शास्त्रही आहे. पॅरिसच्या गोबलँ या विणकाम कारखान्यात काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. रंगविभागाचे प्रमुख, रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी तपास केला, तेव्हा दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत आढळला. 1839 मध्ये त्यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. कापडाच्या व्यापाऱ्यांना हे नवे नाही. एकच साडी दुसऱ्या साडीशेजारी ठेवताच निराळी दिसते. भिंतीचेही तसेच आहे. हिरवट कोटा फरशीवर गुलाबी छटेची भिंत आली, की फरशी अधिकच हिरवी भासते.

जुन्या वाड्यात सागवानी खांब, तुळया आणि शहाबादी फरशी असते. तेथे चुन्याचा मऊ पांढरा किंवा पिवळसर रंग लाकडाला उठाव देतो. येथे रंगाइतकाच त्याचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. त्यावर प्लास्टिक रंगाचा थर चढवला, तर ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर पोपडे निघू लागतात. अशा भिंतीला चुन्याची सफेदीच हितावह.

कोरीव सोफा, पितळेची समई आणि जरीचे पडदे असलेल्या पारंपरिक दिवाणखान्यात मुळातच पुष्कळ काही असते. भिंतीने तेथे शांत राहावे; साईसारखा किंवा फिका बदामी रंग पुरेसा. गडद मरून वा शेवाळी रंगाची हौस असल्यास ती एका भिंतीपुरती ठेवावी.

नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स आणि सरळ रेषांची कपाटे असतात. तेथे निळसर राखाडी रंग चित्रात देखणा दिसतो. परंतु उत्तरेकडील खोलीत थेट ऊन फारसे येत नाही आणि तोच रंग उदास वाटू लागतो. त्याऐवजी किंचित तांबूस छटेचा राखाडी किंवा बिस्किटी रंग घ्यावा. सजावटकार सहसा 60, 30 आणि 10 असे प्रमाण पाळतात. 60 टक्के मुख्य रंग, 30 टक्के पडदे व सामानाचा जोडरंग आणि 10 टक्के उठावाचा रंग.

घरातील ज्येष्ठांचा विचार मात्र बहुधा राहून जातो. वयानुसार डोळ्यांतील भिंग पिवळट होते आणि निळ्या छटांमधील फरक ओळखणे कठीण जाते. पांढरी भिंत, पांढरी चौकट आणि पांढरे बटण असले, तर रात्री उठलेल्या आजोबांना दिवा लावण्यासाठी भिंत चाचपावी लागते. न्हाणीघराची चौकट आणि बटणांभोवतीचा पट्टा भिंतीहून गडद ठेवण्यास वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. एखादे पडणे मात्र टळू शकते.

लहान मुलांसाठीही एक दक्षता आवश्यक आहे. 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित केले आहे. त्यापूर्वीच्या जुन्या थरांत ते अधिक असू शकते. असे थर कोरडे घासू देऊ नयेत. ते ओले करून काढावेत आणि त्या काळात मुलांना व गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

निर्णयापूर्वी नमुन्याचा लहान डबा आणावा. खोलीतील दोन भिंतींवर दोन फूट लांबी-रुंदीचा पट्टा दोन हात देऊन रंगवावा. तो सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या प्रकाशात, निदान दोन दिवस पाहावा. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत भिंतींचेच क्षेत्र 440 चौरस फूट भरते. एवढ्या पसाऱ्यावर छटा शेड कार्डापेक्षा बरीच गडद भासते. म्हणून शंका असल्यास एक पायरी फिकी निवडावी. तो पट्टा घरातील सर्वांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, पाहिल्यावरच रंगाऱ्याला होकार द्यावा.