परसबागेतील फुलझाड : काटक, पण कोणत्या हवेत?

घरापुढील दोन वाफ्यांत कोणते फुलझाड लावावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात घागरभर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो, तेथे तो किरकोळ राहत नाही. अलीकडे अझेलियाच्या रोपांविषयी आमच्याकडे चौकशी होऊ लागली आहे. बहर आला म्हणजे पाने झाकून टाकणारे हे झुडूप सुंदर आहे, यात शंका नाही. त्याच्या काही जाती ‘काटक’ म्हणून विकल्या जातात. मात्र या एका शब्दावर विसंबून जालन्यात पैसा व पाणी खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा काटकपणा थंडीपुरता आहे. हिमालयातील बुरांश ज्या ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीत मोडतो, त्याच प्रजातीतील हे झुडूप होय. दार्जिलिंग, गंगटोक, शिलाँग, उटी येथील थंड व दमट हवा त्यास मानवते. त्याच्या काटक जाती शून्याखालील कडक हिव सोसतात. इतकेच नव्हे, तर कळ्या नीट उमलण्यासाठी त्यांना कित्येक आठवड्यांची थंडी लागते. आपल्याकडे खरी थंडी मोजके दिवस असते आणि वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. अझेलियाची मुळे बारीक व उथळ असल्याने वरचा थर तापताच ती सुकतात.

दुसरी अडचण जमिनीची. अझेलियास आम्लधर्मी, सेंद्रिय द्रव्याने भुसभुशीत व निचऱ्याची जमीन लागते. तिचा सामू साधारण ४.५ ते ६ असावा. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. मोसंबीच्या बागाइतदारांना ही लक्षणे परिचित आहेत. खड्ड्यात बाहेरची माती भरली, तरी विहिरीचे जड पाणी तिचा सामू पुन्हा वाढवते.

कुंडीत लावल्यास काय, असा प्रश्न कोणी विचारील. पानांचे कुजलेले खत, साठविलेले पावसाचे पाणी आणि दुपारची सावली यांची सोय असल्यास हौशी माणसाने एखादे रोप अवश्य जोपासावे. पण बहराची खात्री धरू नये. त्याची पाने विषारी असल्याने शेळ्या-गुरांपासून ते दूर ठेवावे.

२०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. हे स्मरणात ठेवून, आपल्या परसात ऊन, चुनखडी व पाण्याची ओढ सोसणारी झाडेच निवडावीत. कण्हेर व बोगनवेल महामार्गांच्या दुभाजकांवरही फुलतात. तगर, पारिजातक व देवचाफा एकदा रुजले, की थोड्या पाण्यावर तगतात. कण्हेरही विषारी आहे; म्हणून ती गोठ्याजवळ किंवा मुलांच्या हाताशी लावू नये.

मोगऱ्यास हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी करावी व नंतर शेणखत देऊन पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात देवापुरती व वेणीपुरती फुले घरीच मिळतात. पाने पिवळी पडल्यास १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सायंकाळी फवारावे. रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत, आळ्यात पाचटाचे आच्छादन करावे आणि भाजी धुतलेले पाणी त्यांनाच द्यावे.

रोप विकत घेण्यापूर्वी मातीचा व पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. शेतात पीक निवडताना आपण जमीन व पाणी पाहतो. परसातील फुलझाडास निराळा न्याय लावण्याचे कारण नाही. दूरच्या हिमात टिकणारे झाड तेथे काटक खरे. जालन्यात मात्र वैशाख पार करून आषाढात पुन्हा फुटते, तेच झाड काटक समजावे.